आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आत ॲनिमेशन फिल्म पूर्ण करायचीय, जरा मदत करा

अमळनेरच्या_दोघी
नमस्कार मंडळी, मी आणि माझी मामेबहीण मिळून तीन मिनिटांची फिल्म करतोय, घरातल्या कामाची वाटणी हा विषय. तिने जळगावला ॲनिमेशनचा कोर्स केलाय, मी नुसती चित्रं काढते. गोष्ट अशी की आई दिवसभर राबते, मुलगी हे बघत मोठी होते आणि शेवटी भाऊ भांडी घासायला उठतो. पहिले ४० सेकंद घरी दाखवले तर काका म्हणे "हाई तं भाषण शे" आणि उठून गेले. आईने निम्मं बघितलंच नाही कारण मध्येच दूध उतू जायला लागलं 😀
आखाजीला सगळ्या आत्या, ताया माहेरी येतात तेव्हा अंगणात चादर लावून दाखवायची आहे. भाषण न वाटता कसं सांगायचं? आणि सेकंदाला १२ चित्रं धरली तरी २१६० होतात हो, हात मोडायची वेळ आलीय.

भुसावळ_जंक्शन
आधी मिनिटं कमी करा, दीडच्या वर जाऊच नका. आणि प्रत्येक चित्र नव्याने काढायचं खूळ सोडा. काळ्या कार्डशीटची बाहुली कापा, खांदा, कोपर, मनगट वेगळं ठेवून बारीक तारेने जोडा, खालून दिवा लावून काचेवर सरकवत फोटो घ्या. लोटे रायनिगर नावाच्या जर्मन बाईने असल्याच कागदी सावल्यांवर १९२६ मध्ये पूर्ण लांबीचा सिनेमा केला होता, तुमचं तर दीड मिनिट आहे. मोबाईल स्टँडला घट्ट बांधा, एक्स्पोजर आणि फोकस लॉक करा नाहीतर प्रत्येक फोटो वेगळा उजळतो आणि फिल्म लुकलुकते.
आणि पंखा बंद, कागद हलतो!! उन्हात पण नको, आम्ही कॉलेजात असताना गच्चीवर उन्हात शूट केलं होतं, दोन तासांत सावली भिंतीच्या या टोकाहून त्या टोकाला गेली, फिल्ममध्ये बाई निवांत झाडतेय आणि दिवस मात्र पळत सुटलाय.

केळीवाला_रावेर
टेक्निकल काही कळत नाही पण एक बोलू का, राग मानू नका. असल्या फिल्ममध्ये बाप नेहमी पेपर वाचत बसलेला दाखवतात. मी पहाटे केळीला पाणी द्यायला जातो, घरी आल्यावर भाकरी पण टाकतो. काका उठून गेले त्यात नवल नाही.

चोपड्याची_सून
दादा, तुम्ही भाकरी टाकता तर छानच, पण पीठ कोणी दळून आणलं आणि मागची परात कोण घासतं तेही सांगा की 😄
तरी तुमचा मुद्दा खरा आहे, बापाला व्हिलन केलं की बाप उठून जातो. म्हणून ताई, कोणालाच वाईट दाखवू नका, नुसतं मोजा. सरकारचा २०२४ चा वेळेच्या वापराचा सर्व्हे आहे, त्यात घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी २८९ मिनिटं ते काम करतात आणि पुरुष ८८. आता एका मिनिटाला एक फोटो धरा. दोन्ही बाहुल्या शेजारी शेजारी ठेवून एकदमच कामाला लावा. तुमच्या १२ च्या हिशेबाने सात सेकंदांत बाप थांबतो, आई मात्र चोवीस सेकंद हलत राहते. डायलॉग नको, आकडे पण नको, लोक आपोआप बापाच्या बाहुलीकडे बघायला लागतील की ही हलत का नाहीये.
शेवटी भाऊ भांडी घासतो ते काढून टाका, मनापासून सांगते. युनिसेफच्या मीना कार्टूनमध्ये भावाबहिणीने कामाची अदलाबदल केलेली आपण लहानपणी बघितलीय. त्यापेक्षा आखाजीच घ्या ना. लेकी झोक्यावर, पुरुष पत्ते कुटतायत, आणि मांडे भाजायच्या खापरापुढे कोण? लेकीला विसावा मिळावा म्हणून आई राबते. माझ्या सासूबाईंची आई जाऊन वीस वर्षं झाली, त्यांनी झोक्यावर कुठे बसायचं?

केळीवाला_रावेर
परात बायकोच घासते. चला, गप्प बसतो.

अमळनेरच्या_दोघी
चोपड्याच्या ताई, तुमचा मेसेज आईला वाचून दाखवला. ती नुसतं "हं" म्हणाली. भाऊ भांडीवाला सीन कट केला, सगळी अहिराणी गाणी पण काढली, फक्त झोक्याचा करकर आवाज ठेवतोय आणि शेवटी एकच वाक्य, "माय, तू बी बस ना आते" (आई, तू पण बस ना आता).
काल रात्री खापरावर मांडे करणारी बाहुली काचेवर ठेवली होती, आई जेवण आवरून आली, बघितलं आणि म्हणे मांडा असा बोटांवर धरतात का, तो पार कोपरापर्यंत जातो. मग कात्री घेऊन बसली, कागदी बाईचे दोन्ही हात कापले आणि लांब करून परत जोडले. साडेअकरापर्यंत ६० फोटो झाले, त्यातले चाळीस तिने सरकवलेत. दूध बाबांनी बघितलं, थोडं उतू गेलं.