प्रतिसाद: ऑनलाइन फिजिक्स आणि क्रेडिट

मुलगी अकरावीत आहे, ऑनलाइन फिजिक्स केलं तर इथल्या, म्हणजे अमेरिकेतल्या, कॉलेजात क्रेडिट मिळेल का (म्हणजे तो विषय झाला असं धरतील का) असं वर विचारलंय ना, तर आधी हे बघा की कोर्स अल्जेब्रावाला आहे का कॅल्क्युलसवाला. एपी (शाळेतच घ्यायचा कॉलेजच्या पातळीचा कोर्स, शेवटी ५ पैकी स्कोअरची परीक्षा) फिजिक्स १ अल्जेब्रावाला, आणि तिला इंजिनिअरिंग करायचं असेल तर बहुतेक ठिकाणी कॅल्क्युलसवालं फिजिक्स सी लागतं, नाहीतर ५ पैकी ५ मिळूनही पहिल्या वर्षी परत तेच घ्या! ड्युअल एनरोलमेंटमध्ये (शाळेत असतानाच कॉलेजचा कोर्स घेणं) एपीसारखं मे महिन्यातल्या एका परीक्षेवर सगळं नसतं, पण ग्रेड कॉलेजच्या ट्रान्सक्रिप्टवर (गुणपत्रिकेवर) कायमची बसते, त्यामुळे सहज म्हणून घेऊ नका.

लॅबचं म्हणाल तर आमच्या चिरंजीवांनी घरीच पेंड्युलम केला, दोरीला कुलूप बांधून, २० झोके ४० सेकंदांत, मोबाईलवर टायमिंग, आणि जी (गुरुत्वीय त्वरण) ९.८ च्या जागी आला ९.५. दोन दिवस डोकं खाल्लं, शेवटी कळलं की दोरी गाठीपर्यंतच मोजलेली, कुलपाच्या मध्यापर्यंत नाही, ते ३ सेंटीमीटर गायब :) तेवढ्यात जे शिकला ते व्हिडिओ बघून नसतं झालं. पण काही कॉलेजं ऑनलाइन लॅब धरतच नाहीत, तेव्हा फी भरायच्या आधी ईमेलवर लेखी विचारून घ्या.