विषय: हवेचा पंप चालू असूनही मासे वर येतात

मे महिन्यात घरच्या माशांच्या टाकीत हवेचा पंप चालू असूनही मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडाची उघडझाप करतात, असे आपण लिहिले आहे. याचे पहिले कारण मुंबईचा उकाडा असावा, कारण २० अंशांच्या गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर ३० अंशांना जेमतेम साडेसात. शिवाय बुडबुड्यांतून थेट विरघळणारी हवा थोडीच असते; तळचे पाणी वर आणून पृष्ठभाग ढवळणे हे त्यांचे खरे काम, म्हणून टाकीचे झाकण घट्ट लावू नये. दुसरे कारण एअरस्टोन (नळीच्या टोकाचा, बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड) बुजणे हे असू शकते; आमच्या दादरच्या घरी तो शेवाळाने बुजला होता. पंप घरघरत होता (आणि मी त्या आवाजावरच विसंबलो होतो), पण बुडबुडे मोजून चार. पंप पाण्याच्या पातळीखाली ठेवला असल्यास नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह अवश्य बसवावा, अन्यथा वीज जाताच टाकीतले पाणी उलटे पंपात उतरू शकते.