गोव्याच्या चहाच्या वेळच्या खाण्याला अश्मयुगाची नावे द्यावीत का?

केपेकर
शाळेतल्या मुलांकडून अश्मयुगाचे टप्पे पाठ करून घेण्यापेक्षा ते संध्याकाळच्या चहाबरोबर समोर येणाऱ्या बशीतून शिकवावेत, असे माझे ठाम मत आहे. पावसाळ्यात निखाऱ्यावर भाजून खाल्ली जाणारी फणसाची बिकणां मी पुराश्मयुगात ठेवीन, कारण त्यांना विस्तवाखेरीज काहीच लागत नाही, भांडे नाही, पीठ नाही, शेत नाही. शिवाय फणस मूळचा पश्चिम घाटातलाच. रोयणीवर, म्हणजे वाळवीच्या वारुळावर, उगवणारी अळमी (रानातली अळंबी) पेरता येत नाहीत, ती रानात हिंडून वेचावी लागतात, म्हणून त्यांची भाजी मध्याश्मयुगाची. मुगाची पातळ भाजी नवाश्मयुगाची, कारण शेजारच्या कर्नाटकात नवाश्मयुगीन वस्त्यांच्या उत्खननात मुगाचे आणि कुळथाचे जळके दाणे सापडलेले आहेत. रिवणजवळ उसगाळीमळला कुशावतीच्या काठी जांभ्याच्या कातळावर बैल, हरणे, मोर कोरलेले आहेत. तिथे सहलीला गेलेल्या मुलांना ही माणसे काय खात असतील, असा प्रश्न स्वतःहून पडावा, यासाठी हा खेळ मला हवा आहे.

फोंडेकर
हेतू चांगला असला तरी ही सांगड मला मान्य नाही. चहाबरोबरच्या पदार्थांत पडणारे बटाटा, मिरची आणि काजू हे तिन्ही अमेरिका खंडातून पोर्तुगीजांमार्फत, म्हणजे १५१० नंतर, आपल्याकडे आले. ज्या चहाभोवती हा सगळा खेळ मांडला आहे, त्याची भारतातली मोठी लागवड एकोणिसाव्या शतकातली, आसामातली. खुद्द चीनमध्ये एका हान सम्राटाच्या थडग्यात सापडलेली चहाची पानेसुद्धा सुमारे २१०० वर्षांपूर्वीची, म्हणजे अश्मयुग संपून फार काळ लोटल्यानंतरची आहेत. उसगाळीमळच्या चित्रांच्या वयाबद्दल अभ्यासकांत अजून एकमत नसताना आपण बशीतल्या पदार्थांना युगे वाटत सुटलो, तर मुलाच्या मनात बसलेला चुकीचा काळ पुढे दुरुस्त करणे जड जाईल.

डिचोलीची वाचक
फोंडेकर, आपण जिन्नसांचे वय मोजता आहात. मोजायला हवे ते कृतीचे वय. नागपंचमीला आमच्याकडे आणि १५ ऑगस्टच्या सायबिणीच्या (मेरीमातेच्या) फेस्ताला ख्रिस्ती शेजाऱ्यांकडे होणारी पातोळी घ्या. भिजवलेले तांदूळ रगड्यावर वाटायचे, हळदीच्या पानावर पीठ बोटांनी पातळ सारवायचे, मधे गूळखोबऱ्याचे चून भरून पान दुमडायचे आणि वाफेवर ठेवायचे. शिजल्यावर पान सोलले की पानाची एकेक शीर पातोळीवर उमटलेली दिसते. यातला गूळ पुढच्या काळातला असेल, पण दगडावर दाणा भरडणे, अन्न पानात गुंडाळणे आणि मातीच्या भांड्यात पाणी उकळणे या तीन वेगवेगळ्या काळांत माणसाने शिकलेल्या गोष्टी आहेत, आणि मुलाला त्या एकाच पदार्थात हाताने करून पाहता येतात. पाठ्यपुस्तकातले 'नवाश्मयुगात भांडी आली' हे वाक्य हे काम करू शकत नाही.

फोंडेकर
ताई, पातोळीचा मुद्दा जोरकस आहे. पण कृतीच मोजायची, तर विस्तवावर भाजणे जगभर सगळीकडेच आहे. त्यात गोव्याचे असे काय राहिले? आणि पोदेर, म्हणजे पाववाला, सकाळ-संध्याकाळ सायकलवरून आणतो तो पाव आणि पोई (कोंड्याच्या पिठाचा पोकळ पाव) कुठे ठेवायची? शेती आली, मग भाकरी आली, असा क्रम आपण शिकवतो. परंतु जॉर्डनमधल्या शुबायका येथे सापडलेले भाकरीचे जळके तुकडे सुमारे १४,४०० वर्षांपूर्वीचे, म्हणजे शेतीच्याही सुमारे ४००० वर्षे आधीचे असल्याचे २०१८ साली प्रसिद्ध झाले. शिकार करून आणि दाणे वेचून जगणारी माणसे रानगव्हाची भाकरी भाजत होती. आपल्या पोईची गोष्ट तर निराळीच आहे: गहू बाहेरचा, भट्टी पोर्तुगीज काळातली आणि पीठ फुगवायला पूर्वी वापरली जाई ती माडाची सूर (माडी) मात्र इथली. ती कोणत्याही एका युगात बसत नाही.

साष्टीकर
शुबायकाच्या भाकरीमुळे मला तरी हा खेळ अधिकच हवासा वाटतो. आधी भाकरी की आधी शेत, यावर वर्गात वाद झाला तर त्यात वाईट ते काय?

फोंडेकर
वाद जरूर व्हावा, पण त्यासाठी प्रत्येक पदार्थावर दोन चिठ्ठ्या लावा, एक जिन्नसाच्या काळाची आणि दुसरी कृतीच्या काळाची. तसे केले तर मी स्वतः मुलांबरोबर बसेन.

केपेकर
दहा वर्षांच्या मुलापुढे दोन चिठ्ठ्या ठेवल्या की खेळ संपला आणि परीक्षा सुरू झाली. त्यापेक्षा बाहेरून आलेले जिन्नस बशीतून बाजूला ठेवावेत आणि बिकणां, अळमी, मूग एवढ्यांवरच थांबावे, असे मी सुचवतो.

फोंडेकर
बाहेरून आलेले वगळायचे, तर नाचणीचे काय करणार? सांग्याच्या डोंगरउतारांवर पिढ्यान्‌पिढ्या पिकत आलेली आणि घरोघरी तिझन (गोड पेज) होऊन पोटात जाणारी नाचणी मुळात पूर्व आफ्रिकेतली. तिथेच ती माणसाने प्रथम पेरली आणि पोर्तुगीजांच्या कितीतरी शतके आधी ती आपल्या देशात पोचली. तिला बाहेरची म्हणून बशीतून काढणार असाल, तर मूळचे म्हणण्याची सीमा कोणत्या काळापाशी आखणार आहात, ते आधी सांगा.