आईचा निळा पंप बदलला: दम्याच्या नव्या उपचारांविषयी शंका

गोदाकाठ:
माझी आई ५८ वर्षांची आहे. पहाटे उठल्याबरोबर सलग शिंका आणि थंडी पडू लागली की धाप, हे तिचे वीस वर्षांपासून चालले आहे. त्रास झाला की ती निळा पंप ओढते. नव्या डॉक्टरांनी तो बंद करून ब्युडेसोनाइड (सूज कमी करणारे औषध) आणि फॉर्मोटेरॉल (श्वासनलिका सैल करणारे औषध) एकत्र असलेला पंप दिला असून, सकाळ-संध्याकाळ आणि शिवाय धाप लागेल तेव्हाही तोच घ्यायला सांगितला आहे. त्यात स्टेरॉईड आहे हे कळल्यापासून ती धास्तावली आहे. हल्ली दम्यावर इंजेक्शने निघाली आहेत, ती का देत नाहीत, असेही ती विचारते.

छातीविकारतज्ज्ञ:
निळ्या पंपातील साल्ब्युटॅमॉल श्वासनलिकांभोवतीचे आवळलेले स्नायू सैल करते, म्हणून काही मिनिटांतच मोकळे वाटते. परंतु नलिकांच्या आतल्या अस्तराला आलेली सूज, म्हणजे मूळ आजार, तशीच राहते. म्हणूनच दम्याच्या उपचारांविषयी मार्गदर्शन करणाऱ्या 'जिना' या जागतिक संस्थेने २०१९ मध्ये प्रौढ व किशोरवयीन रुग्णांना केवळ निळ्या पंपावर ठेवू नये, असे स्पष्ट सांगितले. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत सौम्य दमा असलेल्यांनी आपल्या आईंना दिला आहे तसा जोडपंप फक्त गरजेपुरता वापरला, तेव्हा निव्वळ तात्पुरता आराम देणारा पंप वापरणाऱ्यांच्या तुलनेत त्यांना तीव्र झटके ६४ टक्क्यांनी कमी आले.

स्टेरॉईडच्या भीतीबद्दल मला मनापासून सांगावेसे वाटते. पंपातील मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते. पंप टाळल्यामुळे झटका आला, तर गोळ्यांतून द्यावे लागणारे स्टेरॉईड मिलिग्रॅममध्ये मोजतात. 'पंपाची सवय लागते' या समजापायी लोक औषध सोडतात आणि अतिदक्षता विभागात पोहोचतात, हे पाहून फार वाईट वाटते. पंप घेतल्यावर खळखळून चूळ मात्र भरावी.

सह्याद्रीवासी:
मी गेली दोन वर्षे मेपोलिझुमॅब हे दम्यावरचे इंजेक्शन दर चार आठवड्यांनी घेतो. ते सुरू करण्याआधी रक्तातील इओसिनोफिल (दम्याच्या सुजेत वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी) व आयजीई (ॲलर्जीशी संबंधित प्रतिपिंड) तपासले, नाकात मांसवाढ आहे का ते पाहिले आणि सर्वांत आधी मला पंप ओढून दाखवायला सांगितले; मी तो इतकी वर्षे चुकीचाच ओढत होतो. ही औषधे एकसारखी नसतात: २००३ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले ओमालिझुमॅब आयजीईला अडवते, मेपोलिझुमॅब इओसिनोफिल वाढवणाऱ्या इंटरल्युकिन-५ या प्रथिनाला, तर २०२१ मधील टेझेपेलुमॅब सूज निर्माण होण्याच्या त्याही आधीच्या टप्प्यावर काम करते. ती महाग आहेत, पंपासोबतच घ्यावी लागतात आणि नियमित, योग्य रीतीने पंप घेऊनही तीव्र दमा आटोक्यात येत नाही, अशांसाठीच आहेत.

गोदाकाठ:
दोघांचेही मनापासून आभार. आईला नाकाचा फवाराही दिला आहे, पण 'त्रास छातीचा आहे' म्हणून तिने तो उघडलेलाच नाही.

छातीविकारतज्ज्ञ:
तो अवश्य सुरू करावा, कारण नाक आणि फुप्फुसे हा एकच श्वसनमार्ग आहे आणि नाकातली ॲलर्जी धुमसत राहिली की दमाही आवरणे कठीण जाते. फवारा मारताना टोक नाकाच्या मधल्या पडद्याकडे न धरता बाहेरच्या बाजूला, डोळ्याच्या दिशेने धरावे. नाहीतर नाकातून रक्त येते आणि रुग्ण घाबरून तोही बंद करतो.