वृद्धांचे रानज्ञान मोबाइलमध्ये साठवून जपले जाते काय?

जावळीकर: परवा येथे एका तरुण मित्राने लिहिले की, धनगरवाड्यांवरच्या आणि कातकरी वस्त्यांवरच्या वृद्धांच्या गोष्टी व रानाची माहिती महाविद्यालयांनी एका सुट्टीत मोबाइलवर टिपून घ्यावी, म्हणजे हा ठेवा कायमचा सुरक्षित होईल. 'एका सुट्टीत' हे शब्द वाचल्यापासून माझा संताप उतरलेला नाही. पाटण तालुक्यातल्या एका धनगरवाड्यावर मी एका आजींसमोर मोबाइल ठेवून पाऊण तास बसलो होतो. त्या पदर सावरून ताठ बसल्या आणि प्रत्येक प्रश्नाला "आमाला काय ठावं, बाबा" एवढेच म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी त्यांच्याबरोबर म्हशींमागे गेलो, तेव्हा कुंभ्याच्या झाडाची साल केव्हा सोलायची, कारवी फुललेल्या वर्षी मध घट्ट का असतो, कोणत्या ओहोळाचे पाणी उन्हाळ्यात जनावराला पाजायचे नाही, हे सारे त्यांनी न विचारता सांगितले. मोबाइल तेव्हा पिशवीत होता. २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, चराईच्या वाटा आक्रसत चालल्या. वाटच उरली नाही तर नुसते आवाज साठवून आपण काय जपणार?

कऱ्हाडची वाचक: आपली तक्रार विचारण्याच्या पद्धतीविषयी आहे, नोंदीविषयी नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या संशोधकांच्या प्रयत्नांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या. गिरणी आल्यावर जाते पुन्हा फिरणार नव्हतेच, मग त्या ओव्याही जाऊ द्यायच्या होत्या काय? माझी आजी पहाटे दळताना तासभर गात असे. आज मला तिच्या दोन ओव्या आठवतात आणि त्यांतली एक अर्धीच.

शिराळकर: वृद्धांच्या ज्ञानाचा हा कळवळा बत्तीस शिराळ्याच्या नागपंचमीवर बंधन आले, तेव्हा कोठे होता? माझे आजोबा बिळाच्या तोंडाची माती पाहून आत नाग आहे की धामण, हे सांगत. कायदा दाखवून आमची जिवंत नागाची पूजा बंद केली गेली आणि ती नजर त्यांच्याबरोबरच गेली. ती कोणत्या मोबाइलमध्ये आहे, हे विद्वानांनी सांगावे.

कृष्णाकाठ: नागाला पंचमीपर्यंत मडक्यात कोंडून ठेवणे आणि न पिणाऱ्या प्राण्यापुढे दूध धरणे, याला ज्ञान म्हणायचे असेल तर चर्चाच खुंटली. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे. तो काही शिराळ्यासाठी रात्रीत रचलेला नाही. माझ्या सख्ख्या काकांना नाग चावला, तेव्हा अशाच एका 'जाणत्याने' रात्रभर मंत्र घातले. दवाखान्यात नेईपर्यंत बोटे काळी पडली होती. काका वाचले, पण दोन बोटे गेली.

शिराळकर: आपल्या काकांना मांत्रिकाकडे शिराळ्याने नेले नव्हते! आमच्याकडे पकडलेला नाग मारत नसत. जेथे धरला तेथेच नेऊन सोडत. दुधाचे आपण म्हणता ते खरे आहे, तेवढे मान्य करतो. मात्र सांगलीच्या बंगल्यात राहून आम्हाला नाग शिकवू नका.

कृष्णाकाठ: बंगला भाड्याचा आहे.

जावळीकर: दोघांनीही आता बिळातून बाहेर यावे. नोंदीच्या भक्तांना एक विचारतो. २००२ च्या जैवविविधता कायद्यानंतर गावोगावी लोक जैवविविधता नोंदवह्या, म्हणजे गावातली झाडे, प्राणी आणि त्यांविषयीचे लोकांचे ज्ञान टिपणाऱ्या वह्या, करायच्या ठरल्या. आमच्या भागातल्या एका गावची वही मी पाहिली, तर घाटावरच्या त्या गावाच्या यादीत खाडीकाठची झाडे होती, आणि शेजारच्या गावच्या वहीतही तीच झाडे त्याच क्रमाने होती. एकाही म्हाताऱ्याला कोणी विचारले नव्हते. जेथे खरोखर विचारले जाते, तेथे सांगितलेले औषध उद्या कोणाच्या बाटलीत जाईल, हे सांगणाऱ्याला कोण सांगतो?

कऱ्हाडची वाचक: परवानगीचा मुद्दा रास्त आहे आणि एक सुट्टी पुरणार नाही, हेही मी नाइलाजाने मान्य करते. आता आपण एवढे सांगा: म्हशींमागे फिरून जे ऐकलेत, ते त्या रात्री लिहून काढलेत की नाही?

जावळीकर: काढले. पुढच्या खेपेला आजींना वाचूनही दाखवले. ओहोळापर्यंत आल्यावर त्या हसल्या आणि म्हणाल्या, "त्यो न्हवं, पल्याडचा."