सलग रेषेला चाक न लावता मोटारसायकलने ओव्हरटेक करणे नियमात बसते का? (मदत हवी आहे)

सर्वांना नमस्कार.

मी अंबाजोगाईजवळ राहतो. माझा पुतण्या रोज मोटारसायकलवर लातूरला कामाला जातो आणि उसाचा हंगाम सुरू झाल्यापासून आमच्या दोघांत एकाच गोष्टीवरून वाद चालू आहे. रस्ता दुपदरी आणि मधली रेषा सलग असली, तरी तो डबल ट्रॉलीच्या ट्रॅक्टरला मागे टाकून पुढे निघतो. "काका, मनाई रेषा ओलांडायला आहे. मी रेषेला चाकसुद्धा लावत नाही, मग नियम मोडला कुठे?" असे त्याचे म्हणणे.

रेषा त्याला कळत नाहीत असे नाही. तुटक रेषा असेल तर समोरचा रस्ता मोकळा पाहून ती ओलांडता येते, सलग असेल तर नाही, आणि दोन्ही शेजारी शेजारी असतील तर आपल्या बाजूची पाळायची, हे तो मलाच समजावून सांगतो.

माझी शंका जागेबद्दल आहे. दुपदरी रस्ता साधारण ७ मीटर रुंद, म्हणजे एका बाजूला साडेतीन मीटर. ट्रॉली अडीच मीटरच्या आसपास धरली, तर उरतो एक मीटर, आणि तोही ट्रॅक्टर अगदी डाव्या कडेला चिकटून चालला तरच. त्यात ऊस ट्रॉलीच्या बाहेर आलेला असतो आणि मोटारसायकलचे हँडल आरशांसकट पाऊण मीटर भरते. गेल्या आठवड्यात बर्दापूरच्या अलीकडे मी त्याच्या मागे बसलो होतो. ट्रॉली खड्ड्यात हेलकावली तेव्हा लोंबणारे वाढे (उसाचे हिरवे शेंडे) डाव्या आरशावर घासले, आरसा आतल्या बाजूला वळला, आणि पुतण्याने हँडल उजवीकडे ओढले. चाक रेषेच्या पलीकडे गेलेच. समोरची बस अजून लांब होती म्हणून निभावले.

वेळेचा हिशोबही मी मांडून पाहिला. ट्रॅक्टर ताशी २० किलोमीटरने आणि मोटारसायकल ५० ने चालली, तर दोन ट्रॉल्यांसह ती लांबी आणि मागचे-पुढचे अंतर मिळून ४० मीटर कापायला सुमारे ५ सेकंद लागतात. तेवढ्यात समोरून ताशी ८० ने येणारी गाडी ११० मीटर पुढे येते आणि मोटारसायकलही सुमारे ७० मीटर पुढे जाते, म्हणजे दोघांमधले अंतर १८० मीटरने कमी होते. वळणावर किंवा चढाच्या माथ्यावर एवढा रस्ता दिसतच नाही, आणि सलग रेषा बहुधा अशाच ठिकाणी मारलेली असते.

मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १८४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीने नियमाविरुद्ध ओव्हरटेक करणे हे धोकादायक वाहनचालनात धरले आहे. पहिल्या गुन्ह्याला एक ते पाच हजार रुपये दंड, सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा दोन्ही होऊ शकते. पुतण्या म्हणतो, हे रेषा ओलांडणाऱ्यासाठी आहे.

वाहतूक पोलीस, वकील किंवा ड्रायव्हिंग स्कूल चालवणारे कोणी येथे असतील, तर कृपया सांगावे: रेषा न ओलांडता, पण पुरेसे अंतर न ठेवता केलेले ओव्हरटेक या कलमात बसते का? आणि जे रोज या रस्त्याने जातात, ते ट्रॅक्टरच्या मागे किती अंतर ठेवून चालतात आणि पुढे जायला कोणती जागा निवडतात? त्याला उशीर झाला की पगार कापला जातो, त्यामुळे "थांब" एवढेच सांगून माझे भागत नाही.