अनुभव धागा : गोळी तीच, पथ्य तेच, मग आकडा का वाढला?

सुरुवात माझ्यापासून. नोकरी बँकेत, मधुमेह आठ वर्षांचा. दरवर्षी एप्रिलमध्ये एचबीएवनसी वाढलेलं येतं. ही तपासणी साधारण मागच्या तीन महिन्यांची साखर सांगते, म्हणजे एप्रिलच्या रिपोर्टात माझा मार्च एंडिंग छापून येतो. डॉक्टर विचारतात, "खाण्यात काही बदल?" मी मान हलवून नाही म्हणतो. खाणं तेच असतं हो, पण दुपारचा डबा चार वाजता उघडतो, मध्ये साखरेचे तीन चहा होतात आणि संध्याकाळचं चालणं बंद. त्यात ताणाने कॉर्टिसॉल (ताणाचं हार्मोन) वाढलं की यकृत आणखी साखर रक्तात सोडतं, हे मला सात वर्षांनी कळलं. तुमचं काय? आजाराचं नाव नको, दिवस कसा जातो ते लिहा.

डोंबिवलीकरीण : लोकल, मग बस, मग साइटवरचं ऑफिस. तिथे बायकांसाठी धड संडास नाही. म्हणून घरून निघाल्यापासून परत येईपर्यंत पाणी जेमतेम अर्धी बाटली. दोनदा युरिन इन्फेक्शन झालं, तिसऱ्यांदा सोनोग्राफीत मुतखडा दिसला. डॉक्टर म्हणाले, "ताई, भरपूर पाणी प्या." पिते की! पण जायचं कुठे?

रातपाळी : अमेरिकन क्लायंट, जुनी मायग्रेन. नोव्हेंबरात तिकडची घड्याळं तासभर मागे जातात, आमची शिफ्ट तासभर पुढे. पहिले दोन आठवडे डोकं हमखास धरतं. आता मी त्या आठवड्यांत रजा टाकतो. मॅनेजरला वाटतं, दिवाळी अजून संपली नाही.

खाजकुमार : सोरायसिस, म्हणजे कातडीवर खाजरे, खवलेदार चट्टे. ऑडिट आलं की कोपरं आधी सांगतात.

जरा थांबा : सगळं ताणावर ढकलू नका. मी शिक्षिका आहे. सर्वेक्षणाची कामं, पेपर, घरी सासूबाईंचं आजारपण. थकवा येणारच, असं धरून वर्ष काढलं. केस गळले, वजन वाढलं, तेही ताणावरच घातलं. शेवटी बहिणीने ओढून नेलं, तर थायरॉइड कमी निघालं. सकाळी उपाशीपोटी एक गोळी सुरू झाली आणि दोनेक महिन्यांत जिना चढताना बसावं लागेनासं झालं. कामं तेवढीच आहेत.

माहेरवाशीण : घरी बीपी १५०/९५, माहेरी चार दिवसांनी १२६/८०. मशीन तेच, गोळीही तीच. मशीन बिघडलंय म्हणून नवऱ्याने नवं आणलं. तेही तसंच दाखवतं. आता डॉक्टरांनी सांगितलंय, स्वयंपाक, डबे, मुलांची शाळा उरकल्यावर मोजायचं नाही, आधी पाच मिनिटं शांत बसायचं. ती पाच मिनिटं मिळाली की कळवते.